इस्त्रीखात्यातली आभारवही

कृतज्ञतेने माणसाचा ऊर भरून येतो. इस्पितळाच्या इस्त्रीखात्यातल्या चौघींचा तो वाफेने आधीच भरलेला होता. त्यामुळे नवीन वर्षाच्या पहिल्याच सकाळी सुपरवायझरने टेबलावर कोरी वही आपटली, तेव्हा आत आणखी काही मावेना.

"यंदा प्रत्येकाचं वैयक्तिक उद्दिष्ट एकच, कृतज्ञता," तो म्हणाला. "रोज एक आभार लिहायचे. शनिवारी वही वर जाईल, मोठ्या साहेबांकडे."

"आणि खिडकी?" चौघींत थोरल्या असलेल्या अक्काने विचारलं.

खोलीला खिडकी एकच. चोरी होईल म्हणून सहा वर्षांपूर्वी खिळे ठोकून, वर पत्रा मारून बंद केलेली. अर्ज लिहून अक्काचा हात दुखला होता. गेल्याच महिन्यात धाकटी भोवळ येऊन इस्त्रीच्या चादरींवर पडली. चादरी चुरगळल्या म्हणून बोलणीही तिनेच खाल्ली.

"अक्का, तक्रारींचं वर्ष संपलं. आता फक्त आभार."

"बरं," अक्का म्हणाली. अक्का इतक्या सहजी बरं म्हणाली की शहाण्याने घाबरावं. सुपरवायझर खूश झाला.

तो वळताच अक्काने पहिल्या पानावर लिहिलं, 'खिडकी उघडल्याबद्दल व्यवस्थापनाचे आभार.'

"अगं, पण उघडलीय कुठे?" धाकटी कुजबुजली.

"मागितलं की आपण उद्धट. मग मागायचंच कशाला? घे, लिही तूपण."

शनिवारपर्यंत चौघींनी रोज तेच लिहिलं. सोमवारी वही परत आली, सोबत निरोप. मोठे साहेब भारावले होते. अकरा वाजता पाहुण्यांना घेऊन खिडकी बघायला येणार होते, वहीही मोठ्याने वाचून दाखवणार होते.

सुपरवायझर पक्कड घेऊन स्वतः स्टुलावर चढला. "अक्का, माझी नोकरी घालवणार तुम्ही!"

"आम्ही तर आभार मानले, साहेब. जपून, स्टूल डगमगतंय."

पत्रा खाली आला. शेवटचा खिळा निघाला. खिडकी करकरत उघडली आणि चौघी श्वास घ्यायला पुढे सरसावल्या. बाहेर वीतभर अंतरावर भिंत होती. सहा वर्षांत तेवढं बांधून झालं होतं.

सुपरवायझरने कपाळाचा घाम पुसला. अक्काने वही ओढली, कोरं पान काढलं आणि लिहिलं, 'पंखा बसवल्याबद्दल आभार.'

मोठे साहेब यायला अजून चाळीस मिनिटं होती.