इनोकाची हमी

इनोका टेबलाखाली वाकून संगणकाची वायर खोचत होती. मागून कुणीतरी तिच्या पायांवर डोकं टेकलं. ती दचकून मागे वळली.

"हामुदुरुवने! हे काय करताय?"

हामुदुरू म्हणजे भिक्खू, आणि भिक्खू गृहस्थाच्या पाया पडत नाही. जन्मदात्या आईच्याही नाही. आईच त्याच्या पाया पडते. इनोका स्वतः रोज वर्गात शिरताना या विपुलसारला वाकून नमस्कार करायची. आता तो तिच्यासमोर शर्ट-पँट घालून उभा होता. पँटच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या.

"आता हामुदुरू नाही, मिस. काल चीवर उतरवलं. कोलंबोत एका छापखान्यात टायपिंगचं काम मिळालंय. तुमच्यामुळेच." गुरूला मान म्हणून देतात तशी विड्याच्या पानांची जुडी त्यानं दोन्ही हातांनी पुढे केली.

इनोकानं ती घेतली नाही. तिला रडू आलं नाही, संताप आला. या विहाराच्या शाळेत शिकवणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. भिक्खूला बाईनं शिवायचं नाही, त्यामुळे हात धरून माऊस फिरवून दाखवायची सोय नव्हती. सगळं तोंडानं, घसा बसेपर्यंत. आसपासच्या विहारांतून येणारे बाकीचे भिक्खू प्रत्येक बटण दाबण्याआधी तिच्याकडे बघायचे. विपुलसार एकटाच झरझर पुढे जायचा. विहारातल्या ताडपत्राच्या पोथ्या हाच संगणकात उतरवून काढेल म्हणून ती त्याच्यासाठी वर्ग सुटल्यावरही थांबायची.

"मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं नसतं, मिस."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. इनोका तडक विहाराच्या प्रमुखांकडे, मोठ्या हामुदुरूंकडे गेली. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. विपुलसार हा त्यांचा एकुलता एक शिष्य. त्यांच्यामागे विहार त्याच्याच हाती जायचा होता. ती गुडघे टेकून बसली.

"मला क्षमा करा. तुमचा शिष्य मी घालवला."

"तू कुठे घालवलास, बाळ?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "संगणक यायच्या आधीच त्याचं मन उडालं होतं. त्यानं येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, पाली सूत्रं पाठ असलेल्या पोराला कोलंबोत कोण उभं करतंय? पोट भरेल असं काहीतरी शीक, मग खुशाल जा. संगणक आणवले ते त्याच्यासाठीच."

इनोकाचे डोळे भरून आले. स्वतःचा वारस जाणार हे माहीत असताना या माणसानं त्याच्या भाकरीची सोय केली होती. मग तिला दायक सभा, विहाराला दान देणाऱ्या गावकऱ्यांची बैठक आठवली, आणि डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं.

संगणकाचा खर्च दायकांनी उचलायचा होता. सभेचा अध्यक्ष गुणपाल मुदलाली, नारळाचा व्यापारी, उभा राहून म्हणाला होता, "या यंत्रापायी पोरं चीवर टाकून पळाली तर?" सगळ्या माना मोठ्या हामुदुरूंकडे वळल्या होत्या. ते काहीच बोलले नव्हते. त्यांनी फक्त इनोकाकडे पाहिलं होतं. आपल्यावर केवढा हा विश्वास, म्हणून तिचा ऊर भरून आला होता, आणि अख्ख्या गावासमोर तिनं हमी देऊन टाकली होती.

"मग सभेत माझ्याकडे का बघितलंत? हमी तुम्हीच द्यायची होती."

"मला खोटं बोलता येत नाही, बाळ. शील मोडतं. तू बोललीस तेव्हा तुला ते खरंच वाटत होतं. तुला काही पाप लागलं नाही."

हे त्यांनी जेवणाची वेळ सांगावी इतक्या सहज सांगितलं. सुपारीचं खांड तोंडातही टाकलं. आपण काय केलं याचा त्यांना पत्ताच नव्हता, की होता, हे इनोकाला कळेना. पोरानं निदान तोंडावर कबूल केलं होतं आणि पायही धरले होते.

फाटकात स्कूटर थांबली. गुणपाल मुदलाली चपला भिरकावतच वर आला.

"काय मास्तरीणबाई! एकही चीवर उतरणार नाही म्हणाला होतात ना? पोरगं पँट चढवून बसस्टँडवर उभं आहे! आमच्या पैशानं शाळा काढलीत, की विहार मोडायचा कारखाना?" मग तो मोठ्या हामुदुरूंकडे वळला. हात जुळले, आवाज एकदम खाली आला. "हामुदुरुवने, या बाईनं तुम्हालाही फसवलं. तुम्ही फक्त होय म्हणा, उद्यापासून ती या आवारात दिसणार नाही."

मोठ्या हामुदुरूंनी मान वळवून इनोकाकडे पाहिलं, अगदी सभेत पाहिलं होतं तसंच, मायेनं.

इनोका उठून उभी राहिली. तिनं पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावर नीट घेतला.

"मुदलाली, मला जायचं तर मी जाईन. पण पोरगं जाणार हे आधीपासून माहीत होतं का, ते तुम्ही एकदा त्यांनाच विचारा. ते खोटं बोलत नाहीत."