दुसरा पाट

वैजयंती दुसऱ्या पाटावर येऊन बसली, तेव्हा भालचंद्रांनी हातातली पळी खाली ठेवली.

"तू इथे बसलीस, मग तिकडे कोण?" हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघत त्यांनी विचारलं.

"तिकडे आता कोणी लागत नाही," ती म्हणाली, आणि पदर सावरून तिने त्यांच्या हाताला हात लावला.

नोएडात मराठी गुरुजी मिळायचे वांधे. म्हणून भालचंद्रांनी पुण्याच्या गुरुजींच्या आवाजात सत्यनारायणाची अख्खी पूजा रेकॉर्ड करून आणली होती, बत्तीस तुकड्यांत. कॉम्प्युटर एक तुकडा वाजवायचा आणि गप्प बसायचा. पुढचा लावायला कोणीतरी माउस धरून बसणं भाग होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे कोण, याची घरात कधी चर्चा झाली नाही. गेली नऊ वर्षं श्रावणात भालचंद्र कद नेसून पाटावर आणि वैजयंती रेशमी साडी नेसून फिरत्या खुर्चीवर. ते 'चालव' म्हणाले की चालवायचं, 'थांब' म्हणाले की थांबवायचं. नऊ वर्षांच्या फोटोंत देव, केळीचे खांब आणि एकटे भालचंद्र.

परवा रविवारी तिने लेकीला सहज विचारलं, की हे आपलं आपण पुढे जात नाही का? रुचिराने एकामागून एक आपोआप वाजवणारा तिचा स्वतःचा प्लेअर डिफॉल्ट करून दिला. चार क्लिक लागले. "आई, नऊ वर्षं? बोलायचं ना यार," ती म्हणाली. वैजयंतीला त्या चार क्लिकांचा दिवसभर राग येत राहिला.

आज रुचिरा ऑफिसला गेली होती आणि गुरुजी आपण होऊन पुढे निघाले होते. फारच पुढे. स्वभावाने शांत माणूस, पण आज मागे कोणी लागल्यासारखे बोलत होते. भालचंद्र आचमनाचं पाणी पीत होते, तेवढ्यात गुरुजी संकल्प सोडून मोकळे झाले. रुचिरा ऑफिसचं ट्रेनिंग दीडपट वेगाने ऐकते, तिचा प्लेअर आता सगळंच दीडपट वेगाने ऐकवणार, हे वैजयंतीच्या सावकाश लक्षात आलं.

"अगं, ऊठ. थांबव ते," भालचंद्र म्हणाले.

पूजेवरून मधेच उठायचं नसतं, हा नियम त्यांचाच होता.

"मी पूजेला बसलेय," वैजयंती म्हणाली. हात तिने काढला नाही.

मग भालचंद्रांची जी त्रेधातिरपीट उडाली, ती देवानेच पाहावी. दह्याच्या वेळी दूध पडलं, मधाच्या वेळी दही. गुरुजींनी देव पुसून चौरंगावर ठेवायला सांगितला, तेव्हा बाळकृष्ण तुपाने माखून ताम्हनातच होता. तुळशीचं एकेक पान वाहायचं, ते त्यांनी मुठीने वाहिलं. त्यांचा हात जाईल तिकडे वैजयंतीचा हात धावत होता, आणि तिला इतकी मजा वाटत होती की हसू दाबायला तिने पदर तोंडात धरला. पोथीचे पाच अध्याय बघता बघता सरले. एरवी दुपारपर्यंत लांबणारी पूजा साडेदहालाच आटोपली. आरती करून दोघं शेवटच्या नमस्काराला बसले, तेव्हा भालचंद्र उपरण्याने घाम पुसत होते.

गुरुजींनी आशीर्वाद दिला, पण प्लेअर काही थांबला नाही. पूजेच्या फाइली संपल्या तसा तो रुचिराच्या ट्रेनिंगवर गेला. कोणी एक साहेब इंग्रजीतून टीम कशी सांभाळावी हे घाईघाईने सांगू लागले.

"चला, झाली पूजा. बंद करतो ते," म्हणत भालचंद्रांनी एक गुडघा उचलला.

वैजयंतीने त्यांचा हात दाबून धरला. "बसा हो. तुमच्या नऊ झाल्यात. माझी ही पहिलीच आहे."

भालचंद्रांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते निमूटपणे पुन्हा मांडी घालून बसले. साहेबांनी टीम सांभाळण्याचा पहिला नियम सांगितला. भालचंद्रांनी चिमूटभर अक्षता घेतल्या, वैजयंतीचा हात नीट लागलाय ना ते पाहिलं, आणि देवावर वाहिल्या.