दुसरं नाव

“आधी कुणाचं काम केलंय?” लॅबवाल्या बाईंनी पडद्यावरून विचारलं.

हा प्रश्न त्याला सहा महिन्यांत चाळीस जणांनी विचारला होता. नोकरीत असताना त्याने कंपनीचे सर्व्हर अकरा वर्षं सांभाळले. पण ते काम कंपनीचं होतं, दाखवता येत नव्हतं. घरी बसून स्वतःचं म्हणावं असं गिऱ्हाईक अजून एकही नव्हतं.

“अजून कुणाचं नाही,” तो म्हणाला.

“खरं बोललात, बरं वाटलं. मग एखादं मशीन तरी दाखवा, तुम्ही सांभाळलेलं. आमच्या सात लॅब आहेत. पेशंटचे रिपोर्ट असतात. असंच कुणाच्या हातात कसं देणार?”

टेबलापलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, मुलगी अभ्यासाला बसली होती. तिने मान वर केली.

त्याच्याकडे एकच मशीन होतं, आतल्या खोलीतलं. त्याने ते उघडून दाखवलं. वरच्या ओळीत आकडा होता. चारशे अकरा दिवस मशीन सलग चालू होतं. हा आकडा बघून बाई खूश होतील असं त्याला वाटलं.

“चारशे अकरा दिवस रीस्टार्टच नाही?” बाई म्हणाल्या. “म्हणजे चारशे अकरा दिवस अपडेटही नाही. अहो, मी रक्त तपासणारी बाई, मला हे कळतं. तुम्हाला नाही?”

त्याला कळत होतं.

“आणि हे खाली दुसरं नाव कुणाचं? लॉगिन केलंय आणि चारशे दिवस हात लावलेला नाही. असं उघडं ठेवतात का कुणी?”

“घरातलंच आहे.”

“घरातलं असो नाहीतर बाहेरचं. जो वापरत नाही त्याला काढायचं. पहिला धडा आहे ना तुमचा?”

ते नाव त्याच्या बायकोचं होतं. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी ती त्या मशीनवर बसली होती. निघताना म्हणाली, “बंद नको करूस, आल्यावर बघते.” तिने काही लिहून ठेवलं नव्हतं, काही अर्धवट राहिलं नव्हतं. रिकाम्या ओळीवर नुसती खूण लुकलुकत होती. वीज गेली तरी मशीन बंद पडू नये म्हणून तिच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात त्याने मोठी बॅटरी आणून बसवली होती.

“एक काम करा,” बाई म्हणाल्या. “माझ्यासमोर अपडेट करा, रीस्टार्ट करा. मशीन नीट वर आलं तर सोमवारपासून सातही लॅब तुमच्या. परीक्षा म्हणा हवं तर.”

मुलीने मान हलवली. नको.

त्याने अपडेट लावले. ते उतरेपर्यंत बाई कुठल्या लॅबचं नेट रोज दुपारी जातं ते सांगत होत्या. तो “हो, हो” करत लिहून घेत होता. शेवटी पडद्यावर प्रश्न आला: अजून एक जण आत आहे, तरीही रीस्टार्ट करायचं का?

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली.

“कोण आहे?” बाईंनी विचारलं.

“मुलगी आहे.”

“फीची काळजी असेल तिला. सांगा, होईल सगळं.”

मुलगी उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग ‘हो’ दाबलं.

आतल्या मशीनचा पंखा घरघरत थांबला. घर इतकं शांत त्याने बरेच दिवस ऐकलं नव्हतं. मग पंखा पुन्हा सुरू झाला. दोन मिनिटांनी मशीन वर आलं, एकही चूक न दाखवता. आत कोण कोण आहे त्याची यादी त्याने उघडली. यादीत एकच ओळ होती.

“आता कसं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एकटेच. असंच पाहिजे.”