गाळ बसेपर्यंत

तिसरा कागदही फसला. हिरालाल मास्तरांनी तो बोर्डावरून ओढला आणि सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, कोपऱ्यात फेकला. तिथं आधीचे दोन पडलेलेच होते.

"हा शेवटचा," चौथा कागद बोर्डावर ठेवत ते बायकोला म्हणाले. "नाई जमला तं रंगपेटी शाळेत देऊन टाकतो. मंग मी अन् माही खाट."

कुसुमबाई पातळ वर खोचून दारात उभी होती. उन्हाळी धानाची रोपं लावायची रोवणी सुरू होती आणि तिला बांधीत, भाताच्या खाचरात, पोचायचं होतं. पण मास्तर हे खरंच करतील, हे तिला आवाजावरून कळलं. तिचा पाय निघेना. ती उंबऱ्यावर टेकली.

घरासमोर बोडी होती, छोटंसं तळंच, आणि बोडीवर जानेवारीतलं धुकं. पलीकडचा काठ नव्हता, काठावरची मोहाची झाडं नव्हती. एक बगळा उडाला आणि चार हातांवर जाऊन नाहीसा झाला. कुठूनतरी कोंबडा आरवला, तोही लांबच्या गावातला वाटला.

हेच धुकं मास्तरांना कागदावर हवं होतं. गंमत म्हणजे तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवताना त्यांनी धुक्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांचा जीव रेषेवर. नागरा गावच्या देवळाचा एकेक दगड त्यांनी असा उतरवला होता, की बघणाऱ्यानं बसून मोजावा. ओल्या कागदावर रंग सोडणाऱ्यांना ते सरळ आळशी म्हणायचे. मग मागच्या पावसाळ्यात अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, आणि डाव्याला ब्रशची सवय नाही, तो थरथरतो. थरथरत्या हाताला रेषा कुठली? उरला तो ओला कागद.

मास्तरांनी रुंद ब्रश मगात बुडवून कागदभर पाणी फिरवलं. कागद लख्ख चकाकला. निळ्यात थोडा तपकिरी कालवून त्यांनी राखी रंग उचलला आणि ब्रश टेकवायला वाकले.

"थांबा. आता नोका टाकू."

मास्तरांनी वर पाहिलं. "काऊन?"

"वाहून जाईल. पयल्या कागदाले तुमी घाई केली, तं सारा रंग खाली पळाला. मंगच्या दोघाईले उशीर केला, तं कोबीच्या फुलावाणी डाग पडले."

"तुले काय समजते वं चित्रातलं?"

"चित्रातलं काई नाई समजत. चिखलातलं समजते." कुसुमबाई उठून जवळ आली. "चिखलणी झाल्याबरोबर पऱ्ह्याचं रोप खोसलं तं ते तरंगते. लई टाईम गेला तं बोट शिरत नाई. गाळ बसला पायजे, पर आवळला नाई पायजे."

मास्तरांना रागच आला. चित्रात हा चिखल कुठून आला? पण ब्रश त्यांनी टेकवला नाही.

कुसुमबाई बोर्डाशेजारी उकिडवी बसली. कागदाकडं तिनं वरून पाहिलं नाही. मान खाली घालून कडेनं पाहिलं, धुऱ्यावर, बांधावर, बसून बांधीतलं पाणी बघावं तसं. कागदावर आभाळाचा पांढरा उजेड पडला होता. तो हळूहळू काठाकडून विझत आत आला. ओल तशीच होती, चकाकी गेली होती. मास्तरांच्या ब्रशवरचा थेंब खाली पडतो की काय असं झालं.

"आता."

त्यांनी ब्रश टेकवला. हात थरथरत होताच. पण थरथर कागदात शिरली आणि विरून गेली. रंग बोटभर पसरला आणि आपसूक थांबला. मोहाचं झाड झालं. आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे.

"आणखी एक. त्याच्या बाजूले. तिथं नोका, तिथं अजून पाणी हाये." कुसुमबाईनं बोर्डाच्या एका कोपऱ्याखाली बोट घालून तो किंचित उचलला. झाडांचा रंग सावकाश खाली ओघळला आणि बोडीत उतरला. मधला कागद कोराच राहिला. तेच धुकं झालं.

मास्तर ब्रश टेकवत गेले, ती सांगत गेली. थोड्या वेळानं बोलणंही थांबलं, नुसती तिची मान हलायची. बाहेरची बोडी कुठं संपते आणि कागदावरची कुठं सुरू होते, ते दोघांनाही कळेनासं झालं. कागदावरून गार हवा येतेय असं मास्तरांना वाटलं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. डोळे भरून आले होते. फार आनंद झाला होता, आणि तितकीच लाजही वाटत होती.

"कुसुम," ते म्हणाले, "लग्नाले चौतीस वर्षं झाली. इतके दिवस कुठं होती तू?"

तिनं कागदावरची नजर हलवली नाही.

"इथंच तं होती. तुमच्या मगातलं पाणी बदलवून राहिली होती."

आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

मास्तरांनी डाव्या हातानं गढूळ पाण्याचा मग उचलला, भिंतीला खांदा लावून उभे राहिले आणि पाय ओढत अंगणातल्या नळाकडं निघाले. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं, उरलेलं पायरीवर.

कुसुमबाई उठली नाही. कागदावरचं धुकं अजून सरकत होतं, ती ते बघत बसली.