रडू दे तिला

मायते रडायला लागली, तेव्हा धक्क्याचे खांब दिसेनासे झाले होते.

नोएमीने पोरीला खांद्यावर घेतलं आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. वीस मिनिटांत येते, असं मायतेची आई हिमेना सांगून गेली होती. ती चिलीहून आलेली पाहुणी, तीन दिवस नोएमीच्याच वरच्या खोलीत उतरलेली. नवरा मातीच्या पडक्या नगराचे फोटो काढायला गेला, तशी हिने लव्हाळ्याच्या घोड्यावर, म्हणजे कोळ्यांच्या लव्हाळ्याच्या होडीवर, बसायचं मनात घेतलं. वांचाकोला येऊन घोड्यावर बसले नाही म्हणून कुणाला सांगू, असं म्हणत तिने सहा महिन्यांचं लेकरू नोएमीच्या हाती दिलं होतं. तुमचंही घरी एवढंच आहे, तुम्हाला काय सांगायचं, असंही म्हणाली होती.

आता एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

धुकं दबकत आलं. आधी क्षितिज गेलं. मग लाटांवर फळ्या घेऊन खेळणारे एकेक करत बाहेर आले. मग धक्का गेला. आता दहा पावलांपलीकडे नुसता लाटा फुटण्याचा आवाज उरला होता. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला धक्क्याचे लोखंडी पाय, आणि मध्ये उतरायला वाळूची एवढीशी फट.

घोडा नोएमीच्या नवऱ्याचा होता आणि वल्हं मारायला तोच होता. पहाटे निलो याच घोड्यावरून मासे मारून आला होता. बाकीच्यांचे घोडे नाकं वर करून भिंतीला टेकून वाळत उभे होते. याला उभं करायलाही निलोने उसंत घेतली नव्हती. पाणी प्यायलाय तो, असं नोएमी म्हणाली, तर त्याने पाहुणीकडे बोट दाखवलं, पहाटेचे मासे हिच्यापेक्षा जड होते म्हणाला. पाहुणीही खळखळून हसली. दोघं निघाले तेव्हा घोडा नेहमीपेक्षा वीतभर खाली बसलेला नोएमीने पाहिला. पण माणसाचे पाय एकदा ओले झाले की किनाऱ्यावरून त्याला मागे बोलवत नाहीत. कॉलेज शिकलेली, एरवी सासूच्या असल्या गोष्टींना हसणारी नोएमी तेव्हा गप्प राहिली होती.

बंदरावरच्या माणसाने धुकं उठल्याशिवाय लाँच निघणार नाही असं फोनवर सांगितलं. पुळणभर पांगून कोळी शिट्या घालत होते. टेकडीवरच्या चर्चची घंटा वाजत होती.

मायतेने आकांत मांडला. तिला भूक लागली होती. नोएमीला पान्हा फुटला. पोर कुणाचं ते दुधाला कुठे कळतं? ती वाऱ्याकडे पाठ करून वाळूवर टेकली आणि तिने ब्लाउजच्या गुंडीला हात घातला.

त्या हातावर सासूचा हात पडला.

"पाजू नकोस," तोमासा म्हणाली.

"आई, भुकेली आहे ती."

"म्हणूनच. रडू दे तिला."

घंटा टेकडीवर वाजते, ती चहूकडून ऐकू येते, असं तोमासा सांगू लागली. शिट्या तर पाचपन्नास. त्यांच्या मागे गेला तर तो घोडा गोल गोल फिरेल आणि शेवटी खडकावर येईल. ती हलक्या आवाजात बोलत होती.

"निलोला नाही ऐकू येणार हे," ती म्हणाली. "त्या बाईला येईल, पोर तिचं आहे. निलोचा बाप असाच आला होता परत. निलो तेव्हा चार महिन्यांचा होता."

तोमासाने ओरडून शिट्या बंद करायला लावल्या. नोएमी वाळूच्या फटीसमोर, फेस पोचत नाही तिथवर गेली. पोरीला छातीशी धरलं की ती दुधाच्या वासाने तोंड शोधायची आणि गप्प व्हायची. म्हणून नोएमीने हात लांब केले आणि तिला धुक्यासमोर धरलं. मायतेचा चेहरा लालबुंद झाला. श्वास अडकायचा, मग पुन्हा किंकाळी. नोएमीचे दंड भरून आले. मग पोर दमली. नुसते हुंदके येऊ लागले.

समुद्रातून काहीच आलं नाही.

"थांबू देऊ नकोस," मागून तोमासा म्हणाली.

नोएमीने पोरीच्या पायांवरचं पांघरूण ओढून काढलं. गार वारा उघड्या तळव्यांना लागला आणि मायतेने पुन्हा टाहो फोडला. नोएमीने डोळे मिटून घेतले.

हाक आली ती सगळे बघत होते तिथून नाही, पार उजवीकडून, धक्क्याच्या पायांजवळून. बाईचा आवाज. "मायते!" मग थोडा अलीकडून, परत तेच. मग नोएमीला वल्ह्याचा छपछप आवाज ऐकू आला. धुक्यातून घोड्याचं नुसतं नाक वर आलं. बाकी सगळा घोडा पाण्याखाली, आणि त्यावर कमरेपर्यंत बुडालेली दोन माणसं. कोळी धावत आत शिरले.

हिमेना पडत-धडपडत आली आणि तिने पोर हिसकावून घेतली. मायतेला उचकी लागली होती. तिची पावलं निळसर पडली होती. हिमेनाने ती दोन्ही मुठींत धरली आणि वर पाहिलं.

"किती वेळ रडतेय ही?" ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर ठेवून गेले होते. तुम्ही जवळसुद्धा घेतलं नाहीत हिला?"

नोएमीचे हात अजून तसेच पुढे होते.

वल्हं ओढत निलो वर आला. दातांवर दात आपटत तो तिच्याकडे बघत राहिला.

"तूही उतरलीस पाण्यात?"

नोएमीने खाली पाहिलं. ब्लाउज छातीपासून पोटापर्यंत चिंब होऊन अंगाला चिकटला होता. पायांतले बूट कोरडे ठणठणीत होते.