चार वाजताची गाडी

नातीची शिबिराची गाडी चारला सुटणार होती आणि कंपाउंडर आजोबांची प्रथमोपचाराची पेटी काही केल्या भरून होत नव्हती. दोनदा नवं बँडेज ठेवलं आणि दोन्ही वेळा ते उलगडलेलं, रक्ताळलेलं सापडलं.

“कुणाला लागलं असेल तर सरळ सांगा ना! पेटीशी कसले खेळता?” ते वैतागून ओरडले.

“मी बुटाच्या नाड्या बांधतेय, आजोबा,” नात बाहेरून म्हणाली. “दोन दिवसांसाठी अख्खा दवाखाना देताय की काय?”

त्यांनी चरफडत कपाटातलं शेवटचं सीलबंद पाकीट पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि त्यावर हात दाबून बसले. आता बघू कोण हात लावतं!

बाहेर हॉर्न वाजला. शेवटचं म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

पाकीट फाटलेलं होतं. मनगटावरून सरकवून काढावं तसं बँडेजचं कडं आत पडलं होतं, ओलं आणि अजून कोमट. गाठ त्यांच्याच हातची होती, मात्र घाईत, थरथरत मारलेली.

“द्या ना लवकर,” म्हणत नातीनं हात पुढे केला. मनगटावर साधा ओरखडाही नव्हता. कडं तंतोतंत त्याच मापाचं होतं.