ब्राँझचं जोडपं

दहिसरच्या सावंतांच्या देव्हाऱ्याशेजारी ब्राँझचं एक जुनं फ्रेंच जोडपं होतं, सुगंधाच्या सासऱ्यांना ते कामाला असलेल्या बंगल्यावरच्या साहेबाने दिलेलं. दाढीवाल्या देवाने बाईला उचलून धरलेलं. घरात आलेल्या सुनेने आधी त्या जोडप्याला हळदकुंकू लावायचं, ही सासूबाईंनी पाडलेली रीत. सुगंधाने बत्तीस वर्षांपूर्वी लावलं होतं. आज तिची सून श्रुतिका उभी होती.

श्रुतिकाने मूर्तीच्या चौथऱ्यावर कोरलेलं नाव मोबाइलवर शोधलं आणि तिचा हात थबकला.

"आई, हे नवरा-बायको नाहीत हो. हा पाताळाचा राजा तिला पळवून नेतोय. ती ओरडतेय, बघा ना!"

सुगंधाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिने करंडा तसाच पुढे धरला.


"माहितीये गं. मी लावलं तेव्हाही ओरडतच होती."